गणेशखिंडीची पंचाहत्तर वर्षे : हिंजवडीच्या बाजूने पाहिलेले पुणे विद्यापीठ

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने हिंजवडी, माण, मारुंजी आणि वाकड या पट्ट्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी ही स्मरणिका काढायचे ठरवले आणि विद्यापीठाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले. विद्यापीठाचा अधिकृत इतिहास विद्यापीठ लिहीलच. मला तो बारा-तेरा किलोमीटर अंतरावरून, आपल्या गावाकडून लिहायचा आहे.

परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी कुठल्याही कामाच्या दिवशी जाऊन उभे राहा, हिंजवडी तिथे भेटते. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आठही सत्रांच्या गुणपत्रिका, आणि काम एकच : ट्रान्सक्रिप्ट. कुणाला कॅनडाला जायचे असते, कुणाला जर्मनीला. त्या कागदावरची मोहोर पाहून हजारो मैलांवरचा एखादा अनोळखी अधिकारी मान डोलावतो. विद्यापीठाची प्रतिष्ठा म्हणजे काय, ते मला त्या रांगेत जितके नीट कळले तितके कुठल्या भाषणातून कळले नाही. ही मोहोर विश्वासाला पात्र कशी झाली, त्याची ही हकिकत आहे.

पूर्वपीठिका : १९४२ ते १९४८

पुण्यात कॉलेजे जुनी होती. डेक्कन कॉलेजचा वारसा १८२१ पर्यंत मागे जातो, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १८५४ पर्यंत. फर्ग्युसन १८८५ चे. पण पदवी मिळायची ती मुंबई विद्यापीठाची. महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही मागणी बरीच वर्षे होत होती. १९४२ मध्ये सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या अहवालाने या मागणीला आकार आला. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा केला.

जागेचा प्रश्न खेरांनी सोडवला. गणेशखिंडीतले गव्हर्नमेंट हाउस त्यांनी विद्यापीठाला देऊ केले आणि त्यासोबत चारशे एकरांहून मोठे आवार. मुंबईच्या गव्हर्नरने पावसाळ्यात पुण्याला राहावे म्हणून तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रियरने १८६४ मध्ये या वास्तूचे काम सुरू केले होते. ते १८७१ मध्ये पूर्ण झाले. उंच मनोरा, लांब ओवऱ्या आणि तळघरातला भुयारी मार्ग असा तो सगळा थाट होता.

१८९७ साल इथे सांगितले पाहिजे. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, २२ जूनच्या रात्री, याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झाली. ती आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. ज्या घरात ती मेजवानी झाली, त्या घरावर आज सावित्रीबाईंचे नाव आहे. आपण रोज त्या फाटकावरून जातो. मुलांना एवढी एक गोष्ट तरी सांगावी.

पहिले दशक : १९४९ ते १९५९

पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सदस्य आणि संविधानसभेचे सदस्य राहिलेला हा माणूस उतारवयात एका नव्या विद्यापीठाची टेबले-खुर्च्या जमवायला बसला. कचेरी सुरुवातीला भांडारकर संस्थेच्या निझाम गेस्ट हाउसमध्ये होती. १ जून १९४९ पासून कारभार गणेशखिंडीत आला.

त्या वेळी संलग्न महाविद्यालये होती अठरा आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. कार्यक्षेत्र मात्र बारा जिल्ह्यांचे, म्हणजे जवळजवळ सगळा पश्चिम महाराष्ट्र. गव्हर्नरच्या राहण्याच्या खोल्यांतून विभाग उभे करायचे, प्रयोगशाळांना पाणी आणि वीज आणायची, शहरापासून दूर असलेल्या या माळावर प्राध्यापकांना राहायला राजी करायचे, ही कामे पहिल्या कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी केली. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कुठल्याच फलकावर नाहीत. शिपाई, माळी, प्रयोगशाळा सहायक, परीक्षा विभागात रात्र रात्र गुण चढवणारे कारकून या सगळ्यांचे ऋण या लेखात एकत्रच मानतो.

१९५० मध्ये ग्रंथालय सुरू झाले. पुढे त्याला जयकरांचे नाव मिळाले, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ते नुसते 'जयकर' झाले. 'कुठे निघालास?' 'जयकरला.' कुलगुरूचे आडनाव असे रोजच्या बोलण्यात मुरावे, यापेक्षा मोठे स्मारक मला सुचत नाही.

जयकरांनंतर १९५६ मध्ये रँगलर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. विद्यापीठाचे ब्रीद सांगते की जो कृती करतो तोच पंडित. त्या पहिल्या पिढीने ते अंगी बाणवले होते.

साठचे दशक

अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे, इतिहासकार दत्तो वामन पोतदार, काकासाहेब गाडगीळ, धनंजयराव गाडगीळ, ह. वि. पाटसकर. एका दशकात कुलगुरूंच्या खुर्चीवर बसलेली ही माणसे पाहिली की त्या काळच्या सार्वजनिक जीवनात विद्यापीठाचे स्थान काय होते ते कळते. राजकारणात उंची गाठलेल्या माणसालाही कुलगुरुपद हा मान वाटत होता.

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले, आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव हे पाच उरले. थोरल्या भावाने धाकट्याला वेगळे घर मांडून द्यावे, तशी ही वाटणी झाली.

विद्यापीठ गावापर्यंत पोचले ते बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत. पहिल्या कुलगुरूंच्या नावाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला महाविद्यालया-महाविद्यालयांतून होऊ लागली. जे कधी पदवीला बसणार नव्हते, त्यांनाही इतिहास, शेती, आरोग्य, संतसाहित्य यांवर अभ्यासकांकडून चार शब्द ऐकायला मिळाले. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि श्रमसंस्कार शिबिरांच्या निमित्ताने मुले फावडी घेऊन खेड्यांत जाऊ लागली. मुळशी-मावळातल्या गावांनी या मुलांना शाळेच्या वर्गांत झोपवले, घरोघरची भाकरी खाऊ घातली. पुस्तकातला गाव आणि खरा गाव यांतले अंतर त्या दहा दिवसांत बऱ्याच मुलांना समजले.

सत्तरचे दशक

या दशकात पसारा वाढला. व्यवस्थापनशास्त्राचा विभाग, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेले 'पुम्बा', १९७१ मधला. रँगलर महाजनी आणि देवदत्त दाभोलकर यांनी धुरा सांभाळली. १९७८ ते १९८४ या काळात कुलगुरू असलेले डॉ. राम ताकवले पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कॉलेजच्या चौकटीबाहेरच्या माणसापर्यंत शिक्षण न्यायचे, हा ध्यास त्यांनी तिकडे पूर्णत्वास नेला.

मराठी विभागात शं. गो. तुळपुळे, तत्त्वज्ञानात सुरेंद्र बारलिंगे, इतिहासात अ. रा. कुलकर्णी, राज्यशास्त्रात राम बापट अशा शिक्षकांनी विभागांना घराण्याची प्रतिष्ठा दिली. प्रा. बापटांची व्याख्याने वर्गाबाहेर, कार्यकर्त्यांच्या शिबिरांतही ऐकली जात.

'कमवा व शिका' योजनेत मुले आवारातल्या बागेत, ग्रंथालयात, कचेरीत काम करून जेवणाचा आणि फीचा खर्च भागवत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ही योजना आजही चालू आहे. आपल्या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर घर चालायचे. वडिलांनी पैसे पाठवावेत अशी स्थिती नसलेल्या घरातल्या मुलाला ही योजना म्हणजे पुण्यात राहण्याचा एकमेव रस्ता होता. सकाळी हाताला माती लागलेली आणि दुपारी त्याच हातात पुस्तक, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे त्यांतले कितीतरी जण शिक्षक झाले, तलाठी झाले, अधिकारी झाले.

ऐंशीचे दशक : पाया

हिंजवडीच्या दृष्टीने हे दशक सर्वांत महत्त्वाचे. तेव्हा हिंजवडीत काय होते? म्हातोबाचे देऊळ, भातशेती आणि चैत्री पौर्णिमेचे बगाड. तरीही पुढे जे घडले त्याची तयारी याच दशकात झाली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. पुण्यात त्याच वर्षी पीआयसीटी, व्हीआयटी, एमआयटी सुरू झाली. या धोरणावर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि तीत तथ्यही होते. पण या सगळ्या नव्या कॉलेजांना अभ्यासक्रम दिला, परीक्षा घेतल्या आणि शेवटी पदवी दिली ती पुणे विद्यापीठाने. कॉलेज नवे असो की जुने, प्रश्नपत्रिका एकच. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा आणि काल सुरू झालेल्या कॉलेजातला मुलगा एकाच दिवशी एकच पेपर लिहायचे. नव्या कॉलेजांना लोकांचा विश्वास मिळाला, तो या मोहोरेच्या आधारावर.

त्याच सुमारास आवारात राष्ट्रीय संस्था येऊ लागल्या. कुलगुरू डॉ. व्ही. जी. भिडे हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. विद्यापीठाची जमीन अशा संस्थांना दिली तर त्याचा लाभ विद्यार्थ्यांनाच होईल, ही दूरदृष्टी त्या काळात दाखवली गेली. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आकाराला आली. शेजारीच डॉ. गोविंद स्वरूप यांचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, ज्याच्या तीस प्रचंड अँटेना जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात पसरल्या आहेत. पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्रही इथलेच.

आणि सी-डॅक. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर भारताने स्वतःचा बनवायचे ठरवले, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली हे काम याच आवारात झाले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. हिंजवडीत संगणकाची पहिली कंपनी येण्याच्या कितीतरी आधी देशाचा महासंगणक गणेशखिंडीत तयार झाला होता, हे आपल्या आयटी पार्कमधल्या किती जणांना ठाऊक असेल?

१९८७ मध्ये ललित कला केंद्र आणि स्त्री अभ्यास केंद्र सुरू झाले. ललित कला केंद्राची धुरा पुढे सतीश आळेकरांनी वाहिली, आणि तिथून निघालेले नट, दिग्दर्शक, गायक, नर्तक आज महाराष्ट्रभर आहेत. स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरी विचाराच्या प्रकाशात केलेली मांडणी देशभर वाचली जाते.

नव्वदचे दशक : कारखाना की आयटी

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक हे तीनच जिल्हे राहिले. जिल्हे कमी झाले, तरी विद्यार्थी वाढतच गेले. दशकाच्या मध्यावर महाविद्यालये एकशेअठरा आणि विद्यार्थी एक लाख सत्तर हजारांच्या घरात होते.

हिंजवडीच्या जमिनीवर साखर कारखाना व्हायचा होता. त्याच्या भूमिपूजनाला आपण गेलो आणि कारखाना इथे न करता दुसरीकडे करा, इथे आयटीचे केंद्र होईल, असे मंडळींना सांगितले, ही आठवण शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रे इथे संत तुकाराम महाराजांच्या नावाने उभा राहिला, आणि हिंजवडीत एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क. गावाने जमीन दिली. खाचरे गेली, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. तो बदल सोपा नव्हता आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

जमीन, रस्ता आणि सवलती दिल्या म्हणून कंपन्या आल्या, असे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. तशी जमीन महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. दरवर्षी जूनमध्ये हजारोंनी बाहेर पडणारे, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले पदवीधर पुण्यातच होते, आणि त्यांच्या पदवीचा दर्जा कंपन्यांना ठाऊक होता. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, केपीआयटी यांच्या इमारती हिंजवडीत दिसतात. त्यांचा पाया गणेशखिंडीत आहे.

या दशकात अंतराळशास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्यानंतर डॉ. अरुण निगवेकर कुलगुरू होते. निगवेकर पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पंचाहत्तर वर्षांत मतभेद झाले नाहीत असे नाही. कुठल्या मोठ्या कुटुंबात ते होत नाहीत? अधिसभेत आवाज चढले, आंदोलने झाली, पण परीक्षा आणि पदवीदान चालू राहिले. ते वाद आता त्या त्या काळाबरोबर मागे पडले आहेत.

२००० नंतर : दारात आलेले विद्यापीठ

आता विद्यापीठ हिंजवडीतच आले. आयटी पार्कच्या पहिल्या टप्प्यात २००३ मध्ये सुरू झालेली आयस्क्वेअरआयटी ही संस्था पुढे विद्यापीठाशी संलग्न झाली. सांगवीचे बाबुरावजी घोलप, पिरंगुटचे अनंतराव पवार, पिंपरीचे महात्मा फुले या महाविद्यालयांनी आपल्या भागातल्या घरांत पहिली पदवी आणली. पहाटे डेअरीला दूध घालून सकाळच्या सत्राला पोचलेली मुले आणि लग्नानंतर बी.ए. पूर्ण केलेल्या सुना यांचा इतिहास कुठल्या अहवालात नसतो. माण-मारुंजीच्या ज्या घरात आजीला सही येत नव्हती, त्या घरात नातीचा पदवीचा फोटो देवघराशेजारी लागला. मला विद्यापीठाचे सर्वांत मोठे यश हेच वाटते.

उलट दिशेनेही वर्दळ झाली. कंपनीत जपानी ग्राहक आला की हिंजवडीचा अभियंता शनिवारी-रविवारी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला जातो. जर्मनीची संधी आली की जर्मन. परकीय भाषांचा हा विभाग आयटीच्या कितीतरी आधीपासून शिकवतो आहे. आयुकाची शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने आणि पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीशी जोडलेल्या 'पुलस्त्य' वास्तूतली मुक्तांगण विज्ञान शोधिका यांमुळे आपल्या सोसायट्यांतल्या मुलांना त्या आवाराची ओळख झाली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे लागणाऱ्या रांगेत हिंजवडीची घरे दरवर्षी भेटतात. विद्यावाणी हे विद्यापीठाचे रेडिओ केंद्र १०७.४ वर घरबसल्या ऐकता येते.

२०१४ नंतर

९ ऑगस्ट २०१४ रोजी विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या आवारात सावित्रीबाईंचा पुतळा उभा राहिला. मुलींची शाळा काढली म्हणून जिच्या अंगावर शेण फेकले गेले, तिचे नाव आज लाखो मुला-मुलींच्या पदवीवर छापले जाते.

टाळेबंदीच्या काळात परीक्षा ऑनलाइन झाल्या. त्या घडीला तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांत विद्यापीठाचेच माजी विद्यार्थी होते.

आज

सहाशेंहून अधिक संलग्न महाविद्यालये, नाशिक आणि अहिल्यानगरची उपकेंद्रे, संशोधनाचे अनेक विभाग, नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी असा आजचा व्याप आहे. २०२४ च्या राष्ट्रीय क्रमवारीत राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात आपले विद्यापीठ देशात तिसरे आले. याचा अभिमान बाळगावाच.

आजूबाजूला खासगी विद्यापीठे झाली, जुनी महाविद्यालये स्वायत्त झाली, अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ बनले. त्यांचे भले होवो. पण शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या, कंपनीत हाउसकीपिंग करणाऱ्या बाईच्या मुलाला परवडेल अशा फीत एम.एस्सी. करायचे असेल, तर आजही गणेशखिंडच आहे. त्यासाठी विभागांत पुरेसे पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. मंजूर जागा दीर्घकाळ रिकाम्या राहणे विद्यापीठाला परवडणारे नाही. शासनाने या जागा लवकरात लवकर भराव्यात, ही आमची या स्मरणिकेच्या वतीने मागणी आहे.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. माणहून हिंजवडी, बालेवाडी, बाणेर करीत विद्यापीठ चौकावरून शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचे काम सुरू आहे. ती धावू लागेल तेव्हा पहिल्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन विद्यापीठाला उतरा. मुख्य इमारत दाखवा, सावित्रीबाईंपुढे नमस्कार करा आणि जयकर ग्रंथालयापर्यंत चालत जा. तिथे 'कमवा व शिका'तले कुणी काम करताना दिसले तर त्याचे गाव विचारा, आणि शक्य असेल तर त्याच्या एका वर्षाचा खर्च उचला.